निमित्त आणि व्यापार: पाण्यातल्या पॅलॅडियमच्या निमित्ताने कारणविचार

रसायनशास्त्राच्या पुस्तकात उत्प्रेरकाचा प्रश्न एका व्याख्येत मिटतो: अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. व्याख्या बरोबर आहे, पण कार्यकारणभावाचा विचार करणाऱ्याला ती पुरत नाही. जो पदार्थ तयार झालेल्या वस्तूत कुठेच उरत नाही, जो आधी होता तसाच शेवटी सापडतो, त्याला त्या वस्तूचे कारण का म्हणायचे? म्हणायचेच तर कोणत्या जातीचे कारण? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न घट, बीज, लोहचुंबक, शेताचा बांध अशा दृष्टांतांवर शतकानुशतके तपासला. पॅलॅडियमची संकुले पाण्यात ज्या जोड अभिक्रिया घडवतात, त्या या प्रश्नासाठी आज मिळू शकणारा फार नेमका दृष्टांत आहेत. इथे उत्प्रेरक काय करतो हे पायरीपायरीने माहीत आहे. तो नेमका कोण, हे ओळखताना मात्र चांगल्या प्रयोगशाळाही चुकल्या आहेत.

पॅलॅडियम हा ४६ अणुक्रमांकाचा धातू विल्यम हाइड वोलास्टन यांनी १८०२ मध्ये प्लॅटिनमच्या खनिजातून वेगळा काढला. एका रेणूतला कार्बन दुसऱ्या रेणूतल्या कार्बनला जोडायचा, हे औषधे आणि कीटकनाशके घडवणाऱ्यांचे रोजचे काम आहे आणि ते सहज होत नाही. पॅलॅडियमच्या साहाय्याने ते सौम्य परिस्थितीत साधता येते, हे दाखवल्याबद्दल रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका बाजूला ब्रोमीन किंवा आयोडीन लागलेले कार्बनी वलय असते, दुसऱ्या बाजूला बोरॉनिक आम्ल, सोबत एखादा अल्कली आणि अगदी थोडे पॅलॅडियम. घरोघरी रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या लोसार्टान या औषधातली दोन वलये एकमेकांना जोडण्यासाठी हीच अभिक्रिया वापरली गेली आहे.

पॅलॅडियमचे काम तीन पायऱ्यांत चालते. आरंभी तो शून्य विद्युतभाराच्या अवस्थेत असतो. तो कार्बन आणि ब्रोमीन यांच्या बंधात शिरतो, आपले दोन इलेक्ट्रॉन गुंतवतो आणि धन दोन अवस्थेत जातो. दुसऱ्या पायरीत बोरॉनवरचा कार्बनी गट बोरॉन सोडून पॅलॅडियमवर येतो. आता दोन्ही गट एकाच धातुअणूला शेजारीशेजारी लागलेले असतात. तिसऱ्या पायरीत ते एकमेकांना धरून बाहेर पडतात, आणि पॅलॅडियम दोन इलेक्ट्रॉन परत घेऊन पुन्हा शून्य अवस्थेत येतो. मग पुढचा रेणू, आणि तेच चक्र. या अणूभोवती फॉस्फरस, नायट्रोजन, गंधक किंवा सेलेनियम असलेले जे रेणू बांधलेले असतात त्यांना लिगँड म्हणतात. धातू आणि लिगँड मिळून संकुल होते. लिगँडच्या घडणीवर धातूचा स्वभाव बराच अवलंबून असतो.

उत्प्रेरणाची कल्पना प्रथम मांडली गेली तेव्हा हे चक्र कोणालाच माहीत नव्हते. यॉन्स याकोब बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या घटनेला नाव दिले तेव्हा त्यांची समजूत अशी होती, की काही पदार्थ केवळ आपल्या उपस्थितीने इतर पदार्थांतली निजलेली आसक्ती जागी करतात. केवळ सान्निध्याने घडणारे कार्य ही कल्पना भारतीय वाचकाला परकी नाही. सांख्यांचा पुरुष असाच आहे: तो काही करत नाही, बदलत नाही, तो जवळ आहे एवढ्याने प्रकृती हलते, जसे चुंबकाजवळ लोखंड हलते. मराठी प्रवचनांतही अकर्त्या साक्षीसाठी सूर्य, दिवा, चुंबक हे दृष्टांत नेहमीचे आहेत, आणि अलीकडे त्यांच्या रांगेत उत्प्रेरकालाही बसवले जाते. प्रयोगशाळेत उत्प्रेरक जसा अलिप्त राहून काम करतो तसाच आत्मा, असे सांगितले की श्रोत्याला चटकन पटते.

हा दृष्टांत चुकीचा आहे, आणि त्याची चूक नीट समजून घेण्यासारखी आहे. पॅलॅडियम अलिप्त राहत नाही. तो बंधात शिरतो, इलेक्ट्रॉन देतो, दोन्ही गट अंगावर घेतो, आकार बदलतो. चक्राच्या मधल्या अवस्थेतला पॅलॅडियम आरंभीच्या पॅलॅडियमसारखा नसतो, आणि अनुकूल परिस्थितीत ही मधली संकुले वेगळी काढून स्फटिकरूपात तपासताही येतात. शेवटी पूर्वस्थिती परत येते एवढ्यावरून मध्ये काही घडलेच नाही असे ठरत नाही. युरोपातही केवळ सान्निध्याची ही समजूत पुढे मागे पडली; पॉल साबातिए यांच्यासारख्या संशोधकांनी उत्प्रेरक मध्ये क्षणभर टिकणारी संयुगे बनवतो हे आग्रहाने मांडले.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात सांख्यांच्या चुंबकावर घेतलेला आक्षेप इथे आश्चर्य वाटावे इतका लागू पडतो. पुरुष नित्य जवळ आहे आणि जवळ असणे एवढेच पुरेसे आहे, तर प्रकृतीची प्रवृत्तीही नित्य असली पाहिजे. ती कधी सुरू व्हायला नको, कधी थांबायला नको. चुंबकाचे उदाहरण देऊन सुटका होत नाही, कारण चुंबकाचे सान्निध्य नित्य नसते. त्याला जवळ आणावे लागते, तो स्वच्छ असावा लागतो. म्हणजे त्याच्या बाजूनेही काही व्यापार असतो. आचार्यांचा हेतू सांख्यांचा अचेतन प्रधानवाद खोडणे हा होता, पण त्यांनी बोट ठेवलेली जागा सर्वसाधारण आहे: ज्याच्या बाजूने काहीच घडत नाही त्याला कारण म्हणता येत नाही.

तरीही सांख्य-योग परंपरेतच उत्प्रेरकाचे एक अचूक चित्र आहे. ते पुरुषाच्या वर्णनात नसून निमित्ताच्या वर्णनात आहे. योगसूत्रांच्या चौथ्या पादात असा विचार येतो, की निमित्त प्रकृतीला ढकलत नाही. शेतकरी जसा एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात न्यायला पाणी ढकलत नाही, फक्त मधला बांध फोडतो, तसे निमित्त केवळ आवरण दूर करते. ऊर्जेच्या भाषेत उत्प्रेरक हेच करतो. ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल यांच्यापेक्षा जोडलेला रेणू आणि सोबतची उपउत्पादने ऊर्जेच्या दृष्टीने खालच्या पातळीवर असतात. उतार आधीपासूनच आहे; पॅलॅडियम त्यात काडीचीही भर घालत नाही, आणि समतोल कुठे येईल हेही तो ठरवत नाही. मध्ये एक उंच अडसर असतो, तो ओलांडण्याऐवजी पॅलॅडियम ठेंगण्या अडसरांची दुसरी वाट देतो. फरक एवढाच, की बांध फोडणाऱ्या शेतकऱ्याचे हातही चिखलात जातात. योगसूत्रांतला शेतकरी आणि सांख्यांचा अलिप्त पुरुष यांना एकाच पदार्थावर लादता येत नाही. पॅलॅडियम शेतकऱ्यासारखा आहे.

न्याय-वैशेषिकांची कारणमीमांसा याहून बारीक आहे. मराठी अभ्यासकांनी ती मोठ्या आस्थेने जपली आहे. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश आणि यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेला, १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघालेला तर्कसंग्रह, ही दोन पुस्तके जवळ असली की पुढचे सगळे शब्द सापडतात. या मतात कार्याच्या आधी नियमाने असणारे, आणि दुसऱ्या कशाने निरुपयोगी न ठरणारे, ते कारण. त्याचे प्रकार तीन: ज्यात कार्य समवायाने राहते ते समवायी, जसे घटाची कपाले, त्या समवायी कारणात राहून कार्य घडवणारे असमवायी, जसा कपालांचा संयोग, आणि उरलेले निमित्त, जसे कुंभार, चाक, दंड. जोड अभिक्रियेत दोन कार्बनी गट हे समवायी कारण, त्यांचा संयोग असमवायी, आणि पॅलॅडियम, अल्कली, उष्णता, प्रयोग करणारी व्यक्ती ही निमित्ते. पॅलॅडियम वस्तूत उरत नाही म्हणून तो कारण नाही, ही शंका इथेच संपते. घटात दंडही उरत नाही.

निमित्तांतही नैयायिक एक विशेष वर्ग वेगळा काढतात: ज्याला स्वतःचा व्यापार आहे असे असाधारण कारण, म्हणजे करण. दंड चाकाला भ्रमण देतो आणि त्या भ्रमणातून घट होतो. भ्रमण हा दंडाचा व्यापार. व्यापार म्हणजे कारणापासून जन्मलेली आणि त्याच कारणाच्या कार्याला जन्म देणारी मधली गोष्ट. पॅलॅडियमच्या चक्रातली दोन मधली संकुले या लक्षणात तंतोतंत बसतात. ती पॅलॅडियममुळे जन्मतात, कार्याला जन्म देतात आणि नाहीशी होतात. मीमांसकांचा अपूर्वाचा विचारही याच घडणीचा आहे. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मृत्यूनंतर मिळायचा. मधला काळ भरून काढणारे अपूर्व हा यज्ञाचा व्यापार. कर्म संपल्यावर फळ कसे, या धार्मिक प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे, आणि त्याचा तार्किक सांगाडा उत्प्रेरणाच्या सांगाड्याशी जुळतो.

मात्र एका ठिकाणी नैयायिकांची बाजू रसायनात लंगडी पडते. दोन वलयांची हीच जोड निकेलनेही घडवता येते. तांब्याने घडणारी उल्मान यांची अभिक्रिया तर १९०१ पासून ज्ञात आहे. मग पॅलॅडियम हे नियमाने आधी असणारे कारण कसे? गवत, अरणी आणि सूर्यकांत मणी या तिन्हींपासून अग्नी होतो, हे याच अडचणीचे जुने उदाहरण. नैयायिक म्हणतात, तिन्ही अग्नी वेगवेगळ्या जातींचे आहेत, म्हणून प्रत्येकाचे कारण वेगळे. मीमांसक म्हणतात, तिन्हींत अग्नीला अनुकूल अशी एकच शक्ती आहे. दोन वलये जुळून झालेला बायफिनाइलचा रेणू निकेलने घडला की पॅलॅडियमने, हे त्या रेणूकडे पाहून सांगता येत नाही. त्यात जातिभेद नाही. इथे मीमांसकांचेच म्हणणे स्वीकारावे लागते. बंधात शिरण्याची आणि इलेक्ट्रॉन गुंतवून पुन्हा मोकळे करण्याची क्षमता या धातूंत समान आहे, मग तिचा तपशील धातूगणिक कितीही वेगळा असो. त्या समान क्षमतेला शक्ती म्हणण्यास हरकत नसावी.

कारण कशाला म्हणू नये, याचा नैयायिकांनी केलेला विचार त्याहून मोलाचा आहे. विश्वनाथ पंचाननांनी कारिकावलीत अन्यथासिद्धांचे पाच प्रकार दिले आहेत. अन्यथासिद्ध म्हणजे कार्याच्या आधी असूनही कारणपदाला न पोचणारे. त्यात दंडाचा रंग आहे, सर्वत्र असणारे आकाश आहे, माती वाहून आणणारे गाढव आहे आणि कुंभाराचा बाप आहे. बाप नसता तर कुंभार नसता आणि कुंभार नसता तर घट नसता, हे खरे. पण घटाच्या बाबतीत बापाची गरज कुंभाराला जन्म देण्यापुरती. कुंभार मिळाला की बाप बाजूला होतो.

दिल्लीतल्या संशोधनात हा कुंभाराचा बाप अगदी मूर्त रूपात भेटतो. हौज खास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या रसायन विभागात प्रा. अजय कुमार सिंह यांच्या गटाने गंधक आणि सेलेनियम असलेल्या लिगँडांची पॅलॅडियम संकुले बनवून सुझुकी आणि हेक अभिक्रियांसाठी अनेक वर्षे अभ्यासली. फॉस्फरसाचे पुष्कळ लिगँड हवेत बिघडतात. गंधक आणि सेलेनियमची संकुले हवा आणि ओलावा बऱ्यापैकी सोसतात, हे त्यामागचे व्यावहारिक आकर्षण. पण अभिक्रिया चालू असताना यांतली काही संकुले मोडतात आणि पॅलॅडियम व सेलेनियम, किंवा पॅलॅडियम व गंधक, यांचे नॅनोकण तयार होतात असे दिसून आले. खरे काम ते कण, किंवा त्यांतून सुटलेला धातू, करत असावा असे निष्कर्ष निघाले. म्हणजे शेगडीवर चढवले एक, आणि राबले दुसरेच. निगुतीने घडवलेले, स्फटिक काढून रचना ठरवलेले संकुल हे अशा वेळी पूर्वउत्प्रेरक ठरते.

ते कुंभार मानायचे की कुंभाराचा बाप? इथे न्यायशास्त्राचा एक नियम आड येतो. व्यापारामुळे व्यापारवान निरुपयोगी ठरत नाही; भ्रमण झाले म्हणून दंड कारणपदावरून उतरत नाही. मग नॅनोकण हा संकुलाचा व्यापार मानला तर संकुल करण राहते, आणि नॅनोकण हे स्वतंत्र कारण मानले तर संकुल अन्यथासिद्ध होते. व्यापाराच्या लक्षणावरून मात्र दोहोंत फरक करता येत नाही, कारण कुंभारही बापापासून जन्मतो आणि घटाला जन्म देतो. नैयायिकांना ही अडचण माहीत होती. रसायनशास्त्र तिला एक कसोटी पुरवते. प्रत्येक चक्राच्या शेवटी संकुल पुन्हा पूर्वरूपात येते का? येत असेल तर मधली अवस्था हा त्याचा व्यापार. संकुल एकदाच मोडून परत न येता कणांना जागा देत असेल, तर ते बाप. दंड दुसऱ्या घटासाठी पुन्हा चाकाला लागतो. बापाचे काम एकदाच झालेले असते. कारण आणि कारणाचे कारण यांतली ही सीमा पुनरावृत्तीने आखता येते, हे जुन्या वादाला मिळालेले खरेखुरे नवे साहाय्य आहे.

उलट दिशेची चूकही घडली आहे. निकोलस लेडबीटर आणि मारिया मार्को यांनी २००३ मध्ये असे प्रसिद्ध केले, की पाण्यात मायक्रोवेव्हच्या उष्णतेवर सुझुकी अभिक्रिया कोणत्याही धातूवाचून होते. व्यतिरेकाचा, म्हणजे कारण नसताना कार्य नसण्याचा, नियमच इथे मोडलेला दिसत होता. लेडबीटर यांच्या गटानेच तपास चालू ठेवला, आणि २००५ मध्ये उत्तर सापडले. विकत आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग इतके पॅलॅडियम होते, आणि तेवढे पुरेसे होते. अल्कली म्हणून घातलेल्या पांढऱ्या भुकटीबरोबर कारण गुपचूप आत आले होते. आपलाच गाजलेला दावा आपणच दुरुस्त करण्याचे हे उदाहरण विज्ञानाच्या नीतीत वरच्या जागी ठेवावे असे आहे. एवढे होऊनही २०२१ च्या जानेवारीत एका साध्या अमाइनने, धातूवाचून, सुझुकी जोड घडते असा शोधनिबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात मागे घेतला गेला. त्या अमाइनच्या निर्मितीत पॅलॅडियम वापरले गेले होते आणि त्याचा अंश मागे राहिला होता. मॉस्कोच्या अनानिकोव्ह यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले, की मिश्रण ढवळण्याच्या चुंबकी कांडीच्या पृष्ठभागावरच्या चरांत जुन्या प्रयोगांतला धातू अडकून राहतो आणि पुढच्या प्रयोगात काम करतो. अन्वय-व्यतिरेक ही पद्धत निर्दोष आहे. अवघड आहे ते व्यतिरेक खरोखर घडवणे. कारण काढून घेतले असे म्हणणे सोपे, ते निघाले आहे याची खात्री अतिशय कठीण.

याच कामासाठी रसायनशास्त्रज्ञ विष वापरतात. मिश्रणात पारा घातला की धातूचे कण त्यात गुंततात. अभिक्रिया थांबली तर काम कणांचे होते असे अनुमान निघते. अनुमान सावधपणे करावे लागते, कारण पारा काही विरघळलेल्या संकुलांवरही परिणाम करतो. या विषबाधेचे दार्शनिक रूप म्हणजे प्रतिबंधकाचा वाद. अग्नी आहे, लाकूड आहे, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला की दाह होत नाही, असा जुना दृष्टांत. मीमांसक म्हणतात, मण्याने अग्नीची दाहशक्ती नष्ट होते. नैयायिक म्हणतात, मण्याचा अभाव हादेखील दाहाच्या कारणसामग्रीचा भाग आहे. दिल्लीकरांनी हा वाद नकळत रस्त्यावर अनुभवला आहे. एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बंधनकारक झाला. अशा उपकरणांत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे धातू असतात. त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करावे लागले, कारण शिसे या धातूंचा पृष्ठभाग झाकून टाकते. नुसता उत्प्रेरक बसवून भागले नाही. शिशाचा अभाव ही कारणसामग्रीतली बरोबरीची गोष्ट ठरली. इथे नैयायिकांचे पारडे जड आहे. शिसे धातूची शक्ती नष्ट करत नाही, जागा अडवते.

आता पाणी. कार्बनी रसायनात पाणी हा बराच काळ शत्रू मानला गेला. ग्रीन्यार यांची मॅग्नेशियमची अभिकर्मके पाण्याच्या थेंबाने मरतात. बोरॉनिक आम्ले मात्र पाण्यात टिकतात, आणि सुझुकी अभिक्रिया पाण्यात नेणे शक्य झाले ते प्रामुख्याने त्यामुळे. उरलेली अडचण विरघळण्याची. कासाल्नुओवो आणि कालाब्रेसे यांनी १९९० मध्ये फॉस्फिनवर सल्फोनेट गट लावून पाण्यात विरघळणारे पॅलॅडियम संकुल वापरले. कॅलिफोर्नियात ब्रूस लिपशुट्झ यांनी साबणासारखे रेणू घालून पाण्यात सूक्ष्म गोळे बनवले आणि अभिक्रिया त्यांच्या पोटात घडवली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागातील ग्रीन केमिस्ट्री नेटवर्क सेंटरमध्ये प्रा. राकेश कुमार शर्मा यांच्या गटाने चुंबकी लोहऑक्साइडच्या कणांवर सिलिकाचा थर देऊन त्यावर धातू बसवण्याचा मार्ग धरला. काम संपले की बाहेरून चुंबक लावून उत्प्रेरक काढून घेता येतो.

न्यायमतात देश, काल, ईश्वर, अदृष्ट ही सर्वच कार्यांची साधारण कारणे आहेत. द्रावकाला रसायनशास्त्रज्ञ जवळपास तशीच वागणूक देतात: ते असते, त्याची नोंद तळटीपेत. सुझुकी अभिक्रियेत पाण्याला तसे बाजूला ठेवता येत नाही. अल्कलीयुक्त पाण्यातला हायड्रॉक्साइड पॅलॅडियमवरच्या ब्रोमाइडची जागा घेतो आणि त्याच वाटेने बोरॉनवरचा गट धातूकडे सरकतो, असे २०११ च्या सुमाराच्या गतिशास्त्रीय अभ्यासांतून पुढे आले. पाणी इथे आकाशासारखे अधिष्ठान राहत नाही, ते निमित्तांत येऊन बसते.

आणि निमित्त झाले की त्याच्या पुढच्या गतीचा प्रश्नही येतो. पाणी वापरले म्हणून प्रक्रिया शुद्ध, हा समज पाण्याच्या पावित्र्याशी सहज जोडला जातो, पण तो टिकत नाही. अभिक्रियेनंतरचे पाणी अल्कली, बोरॉनची संयुगे, ब्रोमाइड आणि धातूचे अंश घेऊन बाहेर पडते, आणि पाण्यातून हे काढणे पुष्कळदा सेंद्रिय द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्यापेक्षा खर्चिक असते. वजीराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात यमुनेची जी दशा होते ती पाहणाऱ्या शहरात तरी शुद्धतेचा हिशेब भांड्यात काय ओतले यावर थांबता कामा नये. भांड्यातून काय निघाले तेही त्यात धरावे लागते. औषधांच्या बाबतीत हा हिशेब आकड्यांत बांधला गेला आहे. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलॅडियम जाऊ नये अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. न्यायाचे निमित्त कार्यात उरत नाही. प्रयोगशाळेतले थोडेसे उरते, आणि ते काढण्यासाठी वेगळा खटाटोप लागतो.

सर्वांत कठीण आक्षेप बौद्धांचा आहे. धर्मकीर्तींच्या परंपरेत अस्तित्व म्हणजे कार्य करण्याची क्षमता, आणि न बदलणारी वस्तू कार्य करूच शकत नाही. कोठारातले बीज आणि शेतातले बीज एकच असेल तर कोठारातच अंकुर का फुटत नाही? पाणी, माती ही सहकारी कारणे लागतात असे म्हटले तर ती बीजात काही फरक करतात की नाही? फरक करत असतील तर ते बीज पूर्वीचे नाही. करत नसतील तर त्यांची गरज नाही. म्हणून प्रत्येक वस्तू क्षणिक आहे. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात याला उत्तर दिले, की सहकारी मिळाल्यावर कार्य करणे आणि न मिळाल्यास न करणे हा एकाच स्थिर वस्तूचा स्वभाव असू शकतो.

पॅलॅडियमचे चक्र या वादात कोणाच्याच पूर्ण बाजूने साक्ष देत नाही. संकुलाकडे पाहिले तर बौद्धांचे म्हणणे खरे वाटते: शून्य अवस्था, ब्रोमाइड धरलेली अवस्था, दोन गट धरलेली अवस्था, अशी ही एक मालिका आहे. कार्य ज्या क्षणी होते त्या क्षणी असणारे संकुल आरंभीचे नसते. अणुगर्भाकडे पाहिले तर उदयनांचे म्हणणे खरे: त्यातले ४६ प्रोटॉन चक्रभर तेच राहतात, आणि त्यांच्यामुळेच ही मालिका पॅलॅडियमची मालिका आहे, निकेलची नाही. बौद्धांची संतान, म्हणजे क्षणांचा सलग प्रवाह, ही संकल्पना मालिकेचे वर्णन करते, पण चक्र त्याच ठिकाणी परत का येते हे तिच्यातून आपोआप निघत नाही. त्यासाठी टिकणारे काहीतरी मानावे लागते. दुसरीकडे, ते टिकणारे बदलाला स्पर्शही न होऊ देता कार्य करते, हा स्थिरवादाचा टोकाचा अर्थही उभा राहत नाही.

ईश्वराच्या कर्तृत्वाला उत्प्रेरकाची उपमा देणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहायला हव्यात. नैयायिकांचा ईश्वर जगाचे निमित्तकारण आहे, पण त्याचे कर्तृत्व ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न यांनी युक्त आहे. पॅलॅडियमला यांतले काही नाही. त्यामुळे त्याच्या उदाहरणाने ईश्वराचे अनुमान बळकट होत नाही आणि कमकुवतही होत नाही. ते उदाहरण दंडाच्या कोटीतले आहे, कुंभाराच्या नाही. दुसरी गोष्ट अशी, की उत्प्रेरक न संपणारा आहे हे व्याख्येपुरतेच. काही शे किंवा काही हजार, क्वचित त्याहून पुष्कळ अधिक फेऱ्यांनंतर लिगँड निखळतात, उघडे पडलेले धातूचे अणू एकमेकांना चिकटू लागतात आणि भांड्याच्या तळाशी काळी भुकटी बसते. तिला पॅलॅडियम ब्लॅक म्हणतात. त्या भुकटीतला धातू तोच असतो, पण निमित्तपण बहुतांशी संपलेले असते. ते परत मिळवायचे तर भुकटी आम्लात विरघळवून नव्याने संकुल बांधावे लागते.